बारावीला गणित सोडलेलं, आता कॅल्क्युलस ऑनलाइन करायचाय: कुठला कोर्स आणि कसा?

रेसिड्यू_रिपोर्ट (तासगाव)

मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, पण वाचून घ्या.

मी तासगाव भागातल्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये क्वालिटीचं काम बघते. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), मण्याची साइज, पेटीचं वजन, रेसिड्यूचे रिपोर्ट, कंटेनर भरताना फळाचं तापमान, असलं सगळं. शिक्षण बी.एस्सी. बॉटनी. बारावीला बायोलॉजी ठेवून गणित सोडलं, कारण घरात सगळ्यांचं म्हणणं की मेडिकलला गणित लागतंय कुठं. मेडिकल राहिलं बाजूला आणि गणितही गेलं.

आता परदेशातल्या एका विद्यापीठाचा बायोस्टॅटिस्टिक्सचा ऑनलाइन मास्टर्स डोक्यात बसलाय. नोकरी न सोडता करता येतो. प्रवेशाच्या अटींत एक ओळ आहे: कॉलेज पातळीवरचा कॅल्क्युलस झालेला असावा. बाकी सगळ्या अटींत मी बसते, तेवढ्या एका ओळीवर गाडी अडलीय.

एमआयटीच्या १८.०१ या कॅल्क्युलसच्या कोर्सचे मोफत लेक्चर बघायला घेतले. २००६ साली वर्गात खडूने शिकवलेले आहेत, तसेच्या तसे रेकॉर्ड केलेत. शिकवणं फार छान, इंग्रजीही कळतं. बघताना मान डोलते. मग व्हिडिओ बंद करून त्यांचाच प्रॉब्लेम सेट उघडला की पहिल्या ओळीच्या पुढे पेन हलत नाही.

आणि एक गोष्ट तर डोक्यातून जाईना. ते सांगतात की क्ष शून्याकडे गेला की साइन क्ष भागिले क्ष ची लिमिट १, म्हणजे उत्तर १ च्या जवळ जवळ जात राहतं. खात्री करावी म्हणून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर क्ष च्या जागी ०.०१ घातलं. उत्तर ०.०१७४५. आणखी बारीक आकडा घातला, तरी ०.०१७४५. एकाच्या आसपाससुद्धा नाही. एमआयटीचे सर चुकणार नाहीत आणि मोबाइलही चुकणार नाही, मग हे काय आहे?

माझी बाजू सांगते. जानेवारी ते एप्रिल सीझन, तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. बाकी महिने संध्याकाळी वेळ निघतो. नवऱ्याचा जुना लॅपटॉप आहे, चालतो. सांगलीत विश्रामबागला क्लास पुष्कळ, पण सगळे सीईटी-जेईईचे. एका क्लासमध्ये फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न, "मुलगी अकरावीला का बारावीला?" माझी मुलगी तिसरीत आहे. विद्यार्थिनी मीच, हे सांगितल्यावर ते जरा गडबडले.

तर ऑनलाइन कोर्स कुठला घ्यावा? आणि माझ्यासारखीला झेपेल का, हे खरं खरं सांगा. उगाच "नक्की जमेल ताई" नको.


कराडी_मेकॅनिकल (कराड)

ताई, तुमचा कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे. 'डीईजी' लिहिलंय तिथं दाबून 'आरएडी' (रेडियन) करा आणि परत ०.०१ टाका. ०.९९९९८ येईल. सर पण बरोबर, मोबाइल पण बरोबर.

कोर्सचं म्हणाल तर एनपीटीईएल. आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, सरकारच्या स्वयम पोर्टलवरून नाव घालायचं, शिकायला फुकट, परीक्षा द्यायची असेल तरच फी. वर्षात दोन सत्रं, एक जानेवारीचं, एक जुलैचं. जानेवारीचं तुमच्या कामाचं नाही, सरळ जुलै धरा. आयआयटी कानपूरचा 'कॅल्क्युलस ऑफ वन रिअल व्हेरिएबल' आहे, तो शोधा. दर सत्रात तोच असेल असं नाही, त्या त्या सत्राची यादी बघावी लागते. 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स'च्या नादाला मात्र लागू नका. ते आमच्यासाठी आहे आणि बारावीचं गणित कोळून प्यायलाय असं धरूनच सुरू होतं.

यूट्यूबवर 'वन शॉट' म्हणून जे सहा-सात तासांचे व्हिडिओ दिसतात ते पण नकोत. त्यात चार पर्यायांतून उत्तर कसं ओळखायचं ते शिकवतात. सीईटीला भारी, तुमच्या काही उपयोगाचं नाही.


रेसिड्यू_रिपोर्ट

केलं आणि आलं! ०.९९९९८. पण दादा, हे तर बटण झालं. अंशात घेतलं तर एक का येत नाही आणि रेडियनमध्येच का येतं, हे कुणी सांगेल का? का तसं मानूनच चालायचं?


खडू_डस्टर (सांगली)

मानून चालू नका. हा प्रश्न पडला हे तुमच्या "झेपेल का" या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. उरलेल्या अर्ध्याकडे नंतर येतो. आयुष्य कॉलेजात गणित शिकवण्यात गेलं, आता निवृत्त आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

एक एकक त्रिज्येचं वर्तुळ काढा. मध्यातून एक आडवी रेषा, आणि तिच्याशी बारीक कोन करणारी दुसरी. या दोन रेषांच्या मध्ये वर्तुळाचा जो कंस सापडतो त्याची लांबी म्हणजे रेडियनमधला कोन. दुसरी रेषा वर्तुळाला जिथे भेटते तिथून आडव्या रेषेवर सरळ उभा लंब टाका. त्याची उंची म्हणजे साइन. कोन लहान लहान करत गेलात की तो कंस आणि हा लंब जवळजवळ एकमेकांवर बसतात. दोघांचं गुणोत्तर एकाकडे जातं ते यामुळे. अंशात मोजलंत की भाजकात कंसाची लांबी उरतच नाही, वर्तुळाच्या ३६० भागांपैकी किती भाग एवढंच उरतं. एक अंश म्हणजे पाय (π) भागिले १८० रेडियन, म्हणजे ०.०१७४५. तुमच्या मोबाइलने दाखवला तो हाच आकडा. साइनचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) कोसाइन, हे वाक्यही रेडियनमध्येच खरं आहे. अंश धरून बसलात तर हा ०.०१७४५ दर पायरीला गुणाकारात येत राहील.

आता मूळ दुखणं. लेक्चर कळतं आणि वहीत काही उतरत नाही, याचं कारण बहुतेकांच्या बाबतीत कॅल्क्युलस नसतंच. आठवी ते दहावीचं बीजगणित असतं. कॅल्क्युलसमध्ये नवी कल्पना अशी एकच, लिमिट. तिच्या पुढची मागची सगळी हमाली बीजगणिताची. माझ्या वर्गात डेरिव्हेटिव्हला नापास झालेली मुलं खरं तर अपूर्णांकांत नापास झालेली असायची.

उदाहरण देतो. क्ष वर्गाचं डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढायचंय. क्ष च्या जागी क्ष + ह घालायचं, त्यातून मूळ क्ष वर्ग वजा करायचा, ह ने भागायचं आणि मग ह ला शून्याकडे न्यायचं. (क्ष + ह)² चा विस्तार क्ष² + २क्षह + ह². क्ष² गेला, ह ने भागल्यावर २क्ष + ह उरलं, ह शून्याकडे गेला, उत्तर २क्ष. आता एखाद्याने घाईत (क्ष + ह)² म्हणजे क्ष² + ह² लिहिलं, आणि पुष्कळजण लिहितात, तर भागल्यावर नुसता ह उरतो आणि उत्तर येतं शून्य. म्हणजे क्ष बदलला तरी क्ष वर्गात काहीच बदल होत नाही! सगळं डेरिव्हेटिव्ह त्या मधल्या २क्षह मध्ये आहे. तो शिकवला जातो शाळेतच. एमआयटीचे प्राध्यापक तो तुम्हाला येतो असं धरूनच पुढे जाणार, त्यांचा दोष नाही.

म्हणून कोर्सला नाव घालण्याआधी एवढं करून बघा. व्हिडिओ नाही, पुस्तक नाही, नुसती वही.

एक भागिले (क्ष + ह) मधून एक भागिले क्ष वजा करा, आलेल्याला ह ने भागा आणि सोपं रूप द्या. मग क्ष + ह च्या वर्गमुळातून क्ष चं वर्गमूळ वजा करून ह ने भागा, आणि खालचा ह जाईल असं काहीतरी करा. त्यानंतर २ चा क्ष घात बरोबर ८ चं वर्गमूळ, तर क्ष किती. आणि शेवटी १५० अंशांचा साइन, तक्ता न बघता, आकृती काढून.

जमलं तर जुलैपर्यंत थांबायचं काही कारण नाही. अडलं तर बालभारतीची अकरावी विज्ञान शाखेची गणिताची पुस्तकं उतरवून घ्या, पीडीएफ मोफत मिळतात. पहिल्या भागातले सुरुवातीचे तीन धडे, कोन आणि त्रिकोणमिती. दुसऱ्या भागातले शेवटचे चार: फंक्शन, लिमिट, कंटिन्युइटी, डिफरन्सिएशन. मग बारावीच्या दुसऱ्या भागातले पहिले सहा. त्या भागातले शेवटचे दोन धडे प्रॉबेबिलिटीचे आहेत, ते तुमच्या मास्टर्सच्या वेळी वाचा. हे लहान मुलांचं पुस्तक वाटून घेऊ नका. पहिल्या वर्षाच्या कॉलेज कॅल्क्युलसमधला निम्म्याहून जास्त मजकूर त्यात आहे.

आणखी एक, आणि ऑनलाइन कोर्समधलं मला खटकतं ते हेच. असाइनमेंटमध्ये पर्याय निवडायचा असतो किंवा आकडा टाइप करायचा असतो. उत्तर चुकलं तर चुकलं एवढं कळतं, कुठल्या ओळीत चुकलं ते कळत नाही. बरोबर आलं तर त्याहून वाईट, कारण रस्ता चुकीचा असला तरी यंत्र शाबासकी देतं. तुमचीच लिमिट घ्या. साइन क्ष भागिले क्ष ला लोपितालचा नियम (वरच्या आणि खालच्या दोन्हींचं डेरिव्हेटिव्ह घेऊन भागायचं) लावला की एका ओळीत १ येतं आणि गुण मिळतात. पण त्या नियमाला साइनचं डेरिव्हेटिव्ह लागतं, आणि ते काढताना हीच लिमिट वापरलेली असते. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच उसनं घेतलं. वही तपासणारा माणूस इथे लाल रेघ मारतो.

तर कोर्स कुठलाही घ्या, वही बघणारं माणूस शोधा. सापडेपर्यंत पानांचे फोटो इथे टाका, मला वेळच वेळ आहे.


विट्याचा_भिडू (विटा)

सर, आता वही बघायला माणूस कशाला? चॅटबॉटला फोटो द्यायचा, स्टेप बाय स्टेप उत्तर मिळतंय.


खडू_डस्टर

मिळतं ना. ते वाचताना पटतंही. बाईंची अडचण हीच आहे की पटतंय सगळं आणि लिहिता काही येत नाही. त्याला वापरायचंच असेल तर उत्तर मागू नका. स्वतः लिहिलेलं द्या आणि "पहिली चुकीची ओळ कुठली, तेवढीच सांग, पुढचं सोडवू नकोस" असं म्हणा. आणि त्यानं दाखवलेली ओळ खरंच चुकीची आहे का, हे पुन्हा स्वतः तपासा.


फार्मसी_मिरज (मिरज)

ताई, मी एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा गणिताचा कोर्स नोकरी करत पूर्ण केलाय, म्हणून हिशोबाचं सांगते.

दर आठवड्याला व्हिडिओ येतात आणि एक असाइनमेंट. तिची तारीख ठरलेली, ती गेली की गेली, मग उत्तरं जाहीर करतात. असाइनमेंटला २५ गुण, शेवटच्या परीक्षेला ७५. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे मिळायला हवेत. घरी बसून पंचवीसपैकी पंचवीस मिळवले आणि परीक्षेत २८ पडले तर सर्टिफिकेट नाही. एकूण ६० च्या वर 'एलिट' लिहून येतं, ७५ ला सिल्व्हर, ९० ला गोल्ड. परीक्षा घरून नसते. केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, तिथल्या कॉम्प्युटरवर द्यायची. मी दिली तेव्हा फी हजार रुपये होती, आताची नोंदणीच्या पानावर बघा. केंद्राचं शहर फॉर्म भरताना निवडायचं, त्यामुळे फॉर्म शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

जुलैच्या सत्राची आपल्या भागातली एक गंमत (तेव्हा गंमत अजिबात वाटली नव्हती). मी केला ते २०१९ चं जुलै सत्र. कोर्स नुकताच सुरू झालेला आणि ऑगस्टात कृष्णा गावात आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा आम्ही सांगलीत गावभागात राहायचो. सासऱ्यांच्या गोळ्या, मुलांचे कपडे आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन मिरजेत नणंदेकडे आलो. लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही, कसली असाइनमेंट न् काय. मला वाटलं कोर्स बुडाला. पण नियम असा आहे की बारा असाइनमेंटपैकी सगळ्यात चांगल्या आठच धरतात. पुरातल्या कोऱ्या गेलेल्या त्यात निघून गेल्या. हे आधी माहीत असतं तर त्या आठवड्यात डोकेदुखी एक कमी झाली असती. आठ आठवड्यांच्या कोर्सला आठातल्या सहा धरतात.

म्हणून सुरुवातीच्या असाइनमेंट सोप्या असतात त्या चुकवू नका. पुढे पाऊस, पाहुणे, गणपती, काहीही येऊ शकतं.

आणि खडू_डस्टर सर म्हणतात ते शंभर टक्के खरं. मी ऑफिसातल्या एका मॅडमना डब्याच्या सुट्टीत वही दाखवायचे. त्या नसत्या तर इंटिग्रेशन बाय पार्ट्सच्या वजाच्या चिन्हात मी अजून अडकलेली असते.


शाहूपुरी_ते_शिकागो (मूळ सातारा)

सगळे कोर्सविषयी बोलताहेत, मी अर्जाविषयी बोलतो. नाव घालण्याआधी प्रवेश कार्यालयाला एक ईमेल टाका. त्यात दोनच गोष्टी विचारा.

पहिली, कॅल्क्युलस म्हणजे किती? इकडे कॅल्क्युलस एक, दोन, तीन असे वेगळे कोर्स असतात. पहिल्यात लिमिट, डेरिव्हेटिव्ह, त्याचे उपयोग आणि इंटिग्रेशनची सुरुवात. दुसऱ्यात इंटिग्रेशनच्या रीती आणि सिरीज. तिसऱ्यात एकापेक्षा जास्त चलांचा. बायोस्टॅटिस्टिक्सच्या बऱ्याच मास्टर्सना तिसऱ्यापर्यंतचा आणि वर लिनियर अल्जिब्राही लागतो. तुमच्या विद्यापीठाच्या पानावर एकच ओळ आहे, त्या ओळीत यातलं नेमकं काय धरलंय ते लेखी घ्या. नाहीतर एक कोर्स पुरा कराल आणि पुढचे दोन बाकी निघतील.

दुसरी, पुरावा कसला चालेल? एमआयटीचे मोफत लेक्चर शिकायला सोन्यासारखे, पण त्याचे गुण नाहीत, परीक्षा नाही, कागद नाही. अर्जाला शून्य उपयोग. एनपीटीईएलला गुण आहेत आणि समोर बसून दिलेली परीक्षा आहे, ही त्याची जमेची बाजू. पण ते सर्टिफिकेट आहे, विद्यापीठाची मार्कलिस्ट नव्हे. आपल्याकडे त्याचे क्रेडिट डिग्रीत धरतात ते तुम्ही कुठल्यातरी कॉलेजच्या विद्यार्थिनी असाल तर. तुमची डिग्री कधीच झालीय. काही ठिकाणी सर्टिफिकेट आणि अभ्यासक्रम पाठवला की चालतं, काही ठिकाणी ठाम नाही म्हणतात. नाही म्हणाले तर इकडच्या कम्युनिटी कॉलेजांचे क्रेडिटवाले ऑनलाइन कोर्स असतात, पण बाहेरच्यांना फी बरीच जास्त पडते. तो शेवटचा उपाय.

मी स्वतः असा एक क्रेडिटवाला कोर्स इकडे केला. शिकवणं ठीक होतं, गृहपाठाचं सॉफ्टवेअर मात्र डोकं फिरवणारं. एक भागिले वर्गमूळ दोन लिहिलं तर चूक, वर्गमूळ दोन भागिले दोन लिहिलं तर बरोबर. दोन्ही एकच हे त्याच्या बापाला कळेना.


रेसिड्यू_रिपोर्ट

सगळ्यांना धन्यवाद. मध्ये बरेच दिवस गेले, कारण ईमेलच्या उत्तराची वाट बघत होते.

उत्तर आलं. एका चलाचा कॅल्क्युलस पुरे, म्हणजे तिकडच्या भाषेत पहिला आणि दुसऱ्यातलं थोडं. लिनियर अल्जिब्रा ते स्वतः पहिल्या सत्रात शिकवतात. पुरावा म्हणून गुण असलेलं आणि समोर बसून परीक्षा दिलेलं सर्टिफिकेट चालेल, सोबत आठवड्यावार अभ्यासक्रम द्यायचा, मग समिती बघणार. ७५ च्या वर गुण असले तर चांगलं, असंही लिहिलंय. म्हणजे जुलैचं एनपीटीईएल ठरलं, आणि मिरजेच्या ताईंच्या भाषेत सिल्व्हर तरी पाहिजे.

सरांचं काम पण केलं. फोटो खाली टाकलेत. दोनाचा घात जमला, क्ष बरोबर दीड. १५० अंशांचा साइनही आकृतीवरून काढला. पहिलं गणित जमलं, उत्तर वजा एक भागिले क्ष गुणिले (क्ष + ह) आलं, बघा बरोबर आहे का. वर्गमुळांच्या वजाबाकीत मात्र पुरती अडकले. त्यामुळे अकरावीचं पुस्तक उतरवून घेतलंय. आमच्याकडे डॉगरीज वेलीचं खुंट (खालचं मूळ) धरल्याशिवाय वर द्राक्षाचं कलम करत नाहीत, तसंच म्हणायचं.

एक विचारू का? कदाचित वेड्यासारखा प्रश्न असेल. प्रीकूलिंगला पेट्या लावल्या की फळ पटकन गार होतं आणि नंतर नंतर फार हळू. ३२ अंशांचं फळ दोन तासांत १६ वर येतं. नवीन पोरं म्हणतात, म्हणजे आणखी दोन तासांत शून्यावर. तसं कधीच होत नाही. आणखी दोन तासांनी ८ च्या आसपास, त्यापुढे दोन तासांनी ४. आम्हाला ४ च्या खाली आल्याशिवाय पेट्या कोल्ड स्टोरेजला हलवता येत नाहीत, आणि शेवटच्या त्या दोन-तीन अंशांसाठी रात्रपाळी ताटकळते. याचा डेरिव्हेटिव्हशी काही संबंध आहे का? कारण ते लेक्चरमध्ये "बदलाचा दर" म्हणत होते तेव्हा मला सारखी आमची प्रीकूलिंगची खोली दिसत होती.


खडू_डस्टर

वेड्यासारखा? अहो, बारावीच्या पुस्तकात डिफरन्शियल इक्वेशनच्या धड्यात आहे हे, न्यूटनचा थंड होण्याचा नियम. तुम्ही त्याच्या मागच्या दाराशी उभ्या आहात.

पहिलं गणित बरोबर. वर्गमुळांत वर आणि खाली, दोन्हीकडे त्यांच्या बेरजेने गुणा. वर वर्गमुळं उडून नुसता ह राहील, तो खालच्या ह ला घेऊन जाईल. पुढचं तुम्ही करा.

आता तुमची खोली. नियम असा: फळ किती वेगाने गार होतंय, हे फळ आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. फरक निम्मा झाला की वेगही निम्मा. सोयीसाठी हवा शून्य अंशांवर धरू. ३२ चे १६ व्हायला दोन तास लागले. आता फरक निम्मा, वेग निम्मा, म्हणून पुढच्या दोन तासांत १६ नाही, ८ च अंश उतरणार. मग ४. शीतगृहाच्या क्षेत्रात याला सात-अष्टमांश कूलिंगची वेळ म्हणतात, सुरुवातीच्या फरकाचे आठपैकी सात भाग काढून टाकायला लागणारा वेळ, आणि तो अर्ध्या कूलिंगच्या वेळेच्या बरोबर तिप्पट असतो. तुमच्या बाबतीत सहा तास. हा तिपटीचा आकडा आला कुठून, हे आता तुम्हाला कुणी सांगायला नको.

अर्ध्या तापमानाला लागणाऱ्या वेळातून नियमातला स्थिरांक निघतो: २ चा नैसर्गिक लॉग भागिले २ तास, म्हणजे ताशी ०.३४७. लॉग आत्ता सोडून द्या, आकडा घ्या. पेट्या लावल्या त्या क्षणी वेग ०.३४७ गुणिले ३२, म्हणजे ताशी ११.१ अंश. पण पहिला तास संपल्यावर बघाल तर फळ २२.६ वर असेल, म्हणजे तासाभरात ९.४ अंशच उतरले. दुसऱ्या तासात ६.६. हा ११.१ आणि हा ९.४ वेगळा का? पहिला त्या क्षणाचा वेग, दुसरा तासाभराची सरासरी. तास लहान करत जा, अर्धा, पाव, एक मिनिट, सरासरी ११.१ कडे सरकत जाईल. लिमिट ती हीच, आणि तुमचे एमआयटीचे सर ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतात ते म्हणजे हा ११.१.

रात्रपाळीचं म्हणाल तर तिला समजा ४ ऐवजी २ पर्यंत थांबायला सांगितलं, तर आणखी दोन तास गेले. १ पर्यंत म्हणाल तर त्यावर आणखी दोन. हे मालकांना वहीत काढून दाखवा.


कराडी_मेकॅनिकल

सर, हे आम्हाला हीट ट्रान्सफरमध्ये शिकवलं तेव्हा इतकं डोक्यात गेलं नव्हतं. ताई, जिओजेब्रा फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये पण चालतं. आकडे टाकले की वक्र लगेच दिसेल.


खडू_डस्टर

जिओजेब्रा नंतर. पहिला आलेख हाताने, आलेख कागदावर. बाई, पॅकहाउसमधले खरे आकडे मिळतील का? दर अर्ध्या तासाचं फळाच्या गराचं तापमान असेल तर तोच तुमचा पहिला प्रॉब्लेम सेट करू.


रेसिड्यू_रिपोर्ट

दर पंधरा मिनिटांचे आहेत सर, प्रोब लावलेला असतो, डेटालॉगरची फाइल निघते. पण प्रोब पॅलेटच्या मधल्या थरातल्या पेटीत असतो. वरच्या थराचं तापमान वेगळं पडतं. चालेल?


खडू_डस्टर

मधलाच थर घ्या, उशिरा गार होतो तो. सोबत खोलीतल्या हवेचं तापमानही लिहून काढा. पेट्या आत नेताना दार उघडं राहतं तेव्हा ते चढत असणार, आणि मी वर धरलेला शून्य तिथे खोटा पडेल. त्या पंधरा-वीस मिनिटांचे आकडे वेगळ्या रंगाने लिहा.